सकाळी रेडिओवर लागलेला राग ओळखायचा कसा? (भूप वाटला, पण भूप नव्हता)

रानजाई

नमस्कार मंडळी, प्रश्न छोटा आहे पण सांगायला जरा वेळ लागणार आहे.

आमच्याकडे सकाळी रेडिओ लागतो. बाबांचा. साडेपाचला उठून ते ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवतात, त्याचं बॅटरीचं झाकण केव्हाच हरवलंय, त्यामुळे सेलवर दोन रबरबँड लावलेत आणि ते रबरबँड बदलायचं काम फक्त तेच करतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. आधी ती आकाशवाणीची धून, मग वंदे मातरम्, मंगलध्वनी, मग बाकीचं सगळं, आणि शास्त्रीय गायन लागलं की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

त्यांची एक वही आहे. म्हणजे आता अकरावी वही चालू आहे. तारीख, कोण गायलं किंवा काय वाजवलं, राग, ताल, आणि शेवटच्या रकान्यात कधी कधी एखादा शब्द, "छान", "घाई", "आवाज बसलेला", असं. माझ्या जन्माच्या आधीपासून लिहितायत. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर खूपच कमी झाली, तेव्हापासून ते सांगतात आणि मी लिहिते. अडचण अशी की सुरुवातीला निवेदन होतं तेव्हा मी डबे भरत असते, आणि शेवटच्या निवेदनाला नेमकी खरखर येते नाहीतर दाराची बेल वाजते नाहीतर बाबांनाच डुलकी लागलेली असते. मग मी पेन्सिलनं "राग ?" असं लिहून ठेवते. पेन्सिलनं का, तर बाबा म्हणतात खात्री नसेल ते पेनानं लिहायचं नाही. या वर्षी अशा १९ नोंदी झाल्यात आणि त्यांना त्या दिसत नसल्या तरी त्या आहेत हे त्यांना माहितीये, रोज विचारतात, "कालचं लागलं का काही?"

तर परवा गुरुवारी एक बाई गात होत्या, आवाज थोडा वयस्कर पण काय लागलेला, विलंबित (संथ) झालं मग द्रुत (जलद), अर्धा तास असेल. मी पेटीच्या दोन परीक्षा दिल्यात लहानपणी, प्रारंभिक आणि प्रवेशिका, त्यापुढे गेले नाही, पण सूर काढता येतात. पेटी काढली आणि हळूच त्यांच्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, लावून बघितलं. सा रे ग प ध. सगळे शुद्ध, मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. म्हणजे भूप! हा तर आपल्याला सगळ्यात पहिला शिकवतात, म्हटलं आज एक तरी नोंद पेनानं होणार.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "अगं सकाळी कोण भूप लावतंय?" मी पेटीवर वाजवून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, "सूर बरोबर आहेत. राग नाही." आता हे काय असतं? सूर बरोबर असतील तर राग चुकीचा कसा? बरं त्यांनाही नाव आठवेना, दिवसभर चिडचिड करत होते स्वतःवर, ते मला बघवलं नाही म्हणून हा धागा.

हा कुठला राग असेल ते सांगा, आणि निवेदन हुकलं तर निदान अंदाज बांधता येईल असं काही शिकता येतं का माझ्यासारखीला, तेही सांगा. गाणं ओळखणारं ॲप वापरून बघितलं, त्याला काही सापडत नाही.

---

खर्जातला

रानजाई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. "सूर बरोबर आहेत, राग नाही" हे ज्याला म्हणता येतं त्याला नाव आठवलं नाही तरी राग पूर्ण कळलेला आहे.

नव्याण्णव टक्के देसकार. सा रे ग प ध, सगळे शुद्ध, अगदी भूपाचेच पाच सूर, आणि सकाळची वेळ. सूर तेच, पण मुक्काम वेगळा. भूप गंधारावर (ग) राहतो, देसकार धैवतावर (ध). भूप ऐकताना आवाज फिरून फिरून गंधारावर येऊन टेकतो, "सा रे ग, प ग, ध प ग, रे सा", खाली मंद्रात उतरतो, रिषभाला (रे) मान असतो. देसकारात गाणारा उठतो तोच वर, "ग प ध", आणि धैवतावर थांबून पंचमावर (प) येतो, "ध ऽ प", परत "ग प ध प", रिषभ नुसता लागून जातो, त्यावर कुणी बसत नाही. खाली मंद्र सप्तकात फारसं कामच नाही त्याचं, सगळा कारभार मध्यसप्तकाचा वरचा भाग आणि तारषड्ज. तुम्ही पेटीवर वाजवून दाखवलंत तेव्हा प्रारंभिकच्या सवयीनं गंधारावर थांबला असणार, म्हणून बाबा नाही म्हणाले. माझी खात्री आहे, एकदा विचारून बघा.

आता यातली मजेची गोष्ट सांगतो. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांच्या वेळेची जी मांडणी केली त्यात एक नियम असा आहे की ज्या रागाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा सूर, पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, तो साधारण दुपारी बारा ते रात्री बारा या वेळातला, आणि वादी उत्तरांगात असेल तर तो मध्यरात्र ते दुपार. भूपाचा वादी गंधार, संध्याकाळनंतर. देसकाराचा वादी धैवत, सकाळ. इतकी स्वच्छ जोडी दुसरी दाखवता येणार नाही. मी शिकत असताना गुरुजींनी मला दोन महिने देसकार दिला होता आणि दर दोन मिनिटांनी "भूपात गेलास" म्हणून थांबवायचे, रडकुंडीला आलो होतो. पाच सूर आहेत म्हणजे सोपा, हा समज तिथे गेला. जयपूर घराण्यात देसकार फार प्रेमानं गातात, त्या बाई त्या गायकीतल्या असतील तर नवल नाही.

आता ओळखायचं कसं. आकाशवाणी वेळेचा संकेत अजून बऱ्यापैकी पाळते, त्यामुळे सकाळी यमन, बागेश्री, दरबारी लागायची शक्यता जवळजवळ नाही, म्हणजे अर्ध्याहून जास्त राग तुमच्या यादीतून आधीच गेले. हा रेडिओचा केवढा मोठा फायदा आहे बघा. उरलेल्यात पहिल्यांदा रिषभ पकडा. कोमल (शुद्धाहून उतरलेला) आहे की शुद्ध? कोमल असेल आणि गंधार शुद्ध असेल तर आपण पहाटेच्या संधिप्रकाशात आहोत, भैरव आणि त्याची भावंडं. भैरवाचे रिषभ-धैवत दोन्ही कोमल आणि दोन्ही डोलणारे. तेच ठेवून धैवत शुद्ध आणि निषाद कोमल केला की अहिर भैरव. गंधार-धैवत दोन्ही काढून टाकले आणि निषाद कोमल, की बैरागी, तो एकदम मोकळा मोकळा लागतो, खोली रिकामी असल्यासारखा. कोमल रिषभाबरोबर गंधारही कोमल आणि मध्यम तीव्र (शुद्धाहून चढा) असेल तर तोडीकडे बघा. तोडीत पंचम वगळला की गुर्जरी. आणि रिषभ शुद्ध, पण गंधार, धैवत, निषाद कोमल असतील तर जौनपुरी, नाहीतर शुद्ध रिषभाची आसावरी, ती दोघं जरा उशिराची, ऊन वर आल्यावरची. सगळेच शुद्ध आणि उतरताना कुठेतरी कोमल निषाद डोकावून जातोय असं वाटलं तर अल्हैया बिलावल.

पण सूर मोजत बसण्याआधी एक करा. गाणं सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा सेकंद नुसता तानपुरा ऐकू येतो ना, तो ऐका. नेहमीच्या तानपुऱ्यात पहिली तार पंचमाची, मग दोन जोडाच्या (मधला 'सा'), मग खर्ज (खालचा 'सा'). ज्या रागात पंचम नाही पण शुद्ध मध्यम आहे तिथे ती पहिली तार बहुधा मध्यमावर लावतात. सकाळच्या वेळी तानपुरा मध्यमाचा वाजतोय असं वाटलं तर बहुधा ललत आला म्हणून समजा, मग दोन्ही मध्यम एकामागे एक लागले की शंकाच नको. सगळा राग अजून यायचाय आणि घर आधीच सांगून टाकतंय कोण राहतं ते.

---

मध्यमलहरी

गाण्यातलं मला कळत नाही फारसं, ऐकतो एवढंच, पण शेवटच्या निवेदनाला खरखर येते हे वाचून राहवलं नाही कारण रेडिओ दुरुस्ती हा माझा आयुष्यभराचा छंद.

रानजाईताई, तुम्ही लावता ते स्टेशन मध्यम लहरीवरचं आणि लांबचं असेल, म्हणजे तुमच्या गावाचं नाही, तर त्या खरखरीला सूर्य जबाबदार आहे. खरंच. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर आयनांबराचा जो थर आहे त्याला डी थर म्हणतात, तो दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि मध्यम लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, मग लहरी त्याच्याही वरच्या थरांवरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवरचं स्टेशन शेजारी असल्यासारखं लागतं. सूर्य उगवला की थर पुन्हा जमायला लागतो आणि लांबचं स्टेशन हळूहळू बुडतं, आधी आवाज वरखाली होतो, मग खरखर, मग नाही. म्हणजे तुमचे बाबा पहाटे लावतात तेव्हा स्वच्छ असणार आणि कार्यक्रमाच्या शेवटाशी घाण होणार, बरोबर? मी लहानपणी असाच एक भैरव ऐकता ऐकता गमावलाय, बाहेर उजाडत गेलं आणि गाणं बुडत गेलं, कोण गात होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही, अजून चुटपुट आहे.

स्टेशन जवळचं असेल तर मात्र घरातच शोधा. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, हे सगळे मध्यम लहरीवर गोंधळ घालतात. रेडिओ सेलवर लावून एकेक दिवा बंद करत जा, कुठला शत्रू आहे ते दोन मिनिटांत कळेल. आणि सेट गोल फिरवून बघा, अँटेना वर ओढायची दांडी नाही हं, ती एफएमसाठी, मध्यम लहरीची अँटेना आत असते, फेराइटची काळी कांडी, तिच्या टोकाच्या दिशेला स्टेशन आलं की आवाज पडतो आणि आडवी धरली की चढतो. बाबांनी खिडकीतली जागा ठरवली असेल ना, ती उगीच ठरवलेली नसणार, तिथून हलवू नका, फक्त जागच्या जागी वळवून बघा.

ॲपबद्दल, ती गाणं ओळखणारी ॲप आधी साठवलेल्या रेकॉर्डिंगशी जुळवतात. आकाशवाणीच्या स्टुडिओत झालेलं गायन बाजारात कधी आलेलंच नसेल तर ते बिचारं जुळवणार कशाशी? त्यापेक्षा आकाशवाणीचं स्वतःचं न्यूज ऑन एअर ॲप घ्या, त्यावर बरीच स्टेशनं आहेत, आणि 'रागम्' म्हणून चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी आहे, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झाली, बंगळूरहून चालते, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. फक्त इंटरनेटवरचं काही सेकंद मागे असतं, त्यामुळे ट्रान्झिस्टर आणि फोन एकदम लावू नका, समेचा पार चुथडा होतो.

---

तिहाई

खर्जातला यांनी देसकार छान उलगडून सांगितला. पण वेळेच्या नियमाबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे, ते मांडतो, भांडायला नाही आलोय.

भातखंड्यांचे नियम हे चालू असलेल्या रिवाजावरून नंतर काढलेले आहेत आणि त्याला भोकं आहेत. तेच म्हणतात की शुद्ध मध्यम सकाळचा आणि तीव्र मध्यम संध्याकाळचा, तो मध्यम म्हणजे वाट दाखवणारा सूर. मग तोडी? तीव्र मध्यम ठणठणीत आणि वेळ सकाळची. हिंडोल? तोही सकाळचा आणि तोही तीव्र मध्यमाचा. दक्षिणेत मैफलीत वेळ कुणी फारशी पाळत नाही आणि त्यांचं संगीत काही कोसळलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की भैरव सकाळचा वाटतो कारण आपण तो जन्मभर सकाळी ऐकलाय. आणि तो सकाळी ऐकवला कुणी? बहुतेकांना रेडिओनं.

आणि इथे मला खरं बोलायचंय. मैफली संध्याकाळी होतात, सहा ते दहा. पूर्वी रात्र रात्र चालायच्या, पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला तेव्हापासून पुढे कित्येक वर्षं लोक उजाडेपर्यंत बसायचे आणि शेवटी गाणाऱ्याला ललत, तोडी त्यांच्या खऱ्या वेळी गाता यायचे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. नियम चुकीचा म्हणत नाही मी, आजारी माणसांना झोप लागते हे चांगलंच आहे. पण त्यात पहाटेच्या रागांचं व्यासपीठ गेलं. आज एखाद्या तरुण गायिकेनं विभास किंवा देसकार मेहनतीनं बसवला तर तो गायचा कुठे आणि कधी? दिवाळी पहाट वर्षातून एकदा. बाकी वर्षभर सकाळचे राग रोजच्या रोज गायले जाण्याची, ऐकले जाण्याची एक जागा रेडिओ आहे. म्हणून वेळेचा नियम मला शास्त्र म्हणून पटत नसला तरी आकाशवाणीनं तो सोडू नये असं माझं ठाम मत आहे. सकाळी दरबारी लावायची मुभा दिली तर लोक दरबारीच लावतील, आणि देसकार ऐकलेला माणूस शोधावा लागेल.

रानजाई, त्या वह्या जपा. कुठल्या सकाळी कुठल्या स्टेशनवर कोण काय गायलं याची एका श्रोत्यानं सलग ठेवलेली नोंद, ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आकाशवाणीच्या संग्रहात सगळं उरलेलं नाही, टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्यात, तेव्हा काही सकाळींचा पुरावा बाबांच्या त्या रकान्यातच असेल. एक एक पान फोटो काढून ठेवा, आजपासूनच.

---

रानजाई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार.

बाबांना तिन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. "देसकार" म्हटल्याबरोबर त्यांनी मांडीवर हात मारला, "हां! देसकार! जिभेवर होता." आणि मी पेटीवर खरंच गंधारावर थांबले होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, "तू खाली उतरून बसत होतीस, ती बाई बसतच नव्हती." मध्यमलहरी काका, स्टेशन लांबचंच आहे, बाबा ज्या गावात नोकरीला होते तिथलं, जवळचं स्वच्छ लागतं पण ते लावत नाहीत. उजाडताना बुडतं हे त्यांना माहीत होतं म्हणे, मला फक्त कधी सांगितलं नाही.

आता एक नवीनच अडचण. शनिवारी भैरव लागला, तो मला निवेदनातच कळला, म्हणून म्हटलं पेटीवर लावून कान तयार करूया. तर रिषभ जुळेचना. काळी पट्टी दाबली तर त्यांचा रिषभ तिच्याहून खाली वाटतो, आणि एका जागी राहतही नाही, झोके घेतो. माझी पेटी बेसूर झालीये का?

---

खर्जातला

पेटी ठीक आहे. भैरवाचा रिषभ आंदोलित असतो, षड्जाकडून अलगद उचलून झुलवायचा, आणि तो पेटीच्या कोमल रिषभापेक्षा थोडा उतरलेला असतो. पेटीच्या पट्ट्या समान अंतरावर लावलेल्या असतात, एक पट्टी म्हणजे एकच सूर, दोन सुरांमधली जागा तिला नाही. मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलन नाही.

म्हणूनच तर रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती. १९४० मध्ये. पुढे तीसेक वर्षं आकाशवाणीवर शास्त्रीय गाण्याला सारंगी चालायची, व्हायोलिन चालायचं, पेटी नाही, १९७० नंतर कुठे ती हळूहळू परत आली. मी पेटीच्या बाजूचा माणूस आहे, चांगला साथीदार काय करू शकतो ते मांडीला मांडी लावून ऐकलंय, तेव्हा बंदी मला अन्यायच वाटते, त्या काळात कितीतरी गुणी वादकांना रेडिओचं दार बंद झालं. पण ज्या कारणानं घातली ते कारण तुम्ही शनिवारी सकाळी स्वतःच्या कानानं शोधून काढलंत.

तेव्हा आता पेटी मिटा. षड्ज मिळवण्यापुरती उघडा, नंतर गळ्यानं. तोंड बंद ठेवून नुसतं गुणगुणत त्या आवाजाच्या मागे जा आणि तो जिथे थांबेल तिथे तुम्ही थांबा. गाणाऱ्याचा थांबा तुमच्या गळ्याला कळला की नाव विचारायला कुणाकडे जावं लागत नाही. देसकारचा धैवत असाच सापडेल.

---

बाकावरचा

धागा वाचतोय, फार आनंद होतोय. गाण्यातलं वर आलंच आहे, मी फक्त वहीपुरतं बोलतो.

ताई, निवेदक दोनदा सांगतात, आधी आणि नंतर, आणि नंतरच्या वेळी जास्त सविस्तर, राग, विलंबित कुठल्या तालात, द्रुत कुठल्या, तबल्याला कोण, पेटीला कोण. द्रुत तीनतालात शिरून तराणा किंवा ताना दाट झाल्या की समजायचं पाच-सात मिनिटं उरली, तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग चालू करून रेडिओशेजारी ठेवून द्या आणि खुशाल दार उघडायला जा. खरखरीतलं निवेदनसुद्धा तीनदा ऐकलं की लागतं, पहिल्यांदा रागाचं नाव नाही लागलं तरी तालाचं लागतं.

आणि एक सुचवू का? ती रोजची पहिली धून, तिची नोंद वहीत कधीच झाली नसेल, इतकी रोजची आहे ती. वॉल्टर कॉफमन म्हणून संगीतकार होते, जन्म आजच्या चेक देशातला, ज्यू, नाझींमुळे युरोप सोडून १९३४ मध्ये मुंबईला आले आणि मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायचे, त्यांची ती रचना. शिवरंजनीच्या वळणाची आहे असं मानतात. घर सुटलेल्या माणसानं बांधलेली धून इतकी वर्षं आपल्याला घरात उठवतेय. अकराव्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा तेवढं, बाबांना आवडेल.

---

रानजाई

आठवड्यानंतर येतेय.

पेटी मिटली. एलईडीचा शत्रू सापडला, देवघरातला छोटा दिवा निघाला, तो आता कार्यक्रम संपल्यावर लावतो. सेट थोडा डावीकडे वळवला तर बाबा लगेच म्हणाले "कुणी हात लावला?", पण आवाज चढल्यावर गप्प बसले.

आज सकाळी काम बाजूला ठेवून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. तानपुरा लागला, मी डोळे मिटून पहिली तार ऐकत राहिले, नेहमीची नाही, काहीतरी वेगळं, पंचमाचा तो भरलेला नाद नव्हताच. मी बाबांकडे बघितलं, ते काही बोलले नाहीत. मग आवाज आला आणि दोन्ही मध्यम एकमेकांना चिकटून, इतके जवळ की अंगावर काटा आला. मी हळूच म्हटलं, "ललत?" बाबांनी बोट ओठावर ठेवलं, ऐक म्हणून. शेवटपर्यंत काही सांगितलं नाही मला. द्रुत चालू झाल्यावर फोन रेकॉर्डिंगला लावला होता पण लागला नाही, आज निवेदन स्वच्छ आलं. ललतच होता.

मग वही काढली. आजचं लिहिलं. मागे जाऊन त्या गुरुवारचं पान काढलं, "राग ?" खोडरबरनं पुसलं आणि पेन्सिलनं "देसकार" लिहायला लागले, तर कागदावरचा आवाज ऐकून बाबांनी विचारलं, "पेन्सिल आहे?"

"हो."

"धैवतावर थांबत होती ना ती?"

मी गुणगुणून दाखवलं, ग प ध, आणि तिथे थांबले.

"मग पेनानं लिही."

अजून १८ आहेत. ज्या दिवशी मी सूर तरी टिपून ठेवलेत त्यातल्या पाच-सहांचं इथे टाकते उद्या, सांगाल ना?